नऊ अंश

मानांकन मिळालं तर मालकांना सरकारी दवाखान्यांना लस पुरवायचं कंत्राट मिळणार होतं आणि शीतगृह सांभाळणाऱ्या ताईंची नोकरी कायम होणार होती. म्हणून मालकांच्या सांगण्यावरून ताईंनी वर्षभराची खाडाखोडीची तापमानवही कपाटात टाकली आणि दोन दिवस बसून नवी वही लिहून काढली. रोज चार अंश, कुठे डाग नाही.

मानांकनासाठी आलेले तपासनीस पानं उलटता उलटता थांबले. "ताई, तीस फेब्रुवारीलाही चारच अंश?"

मालक घाईघाईनं म्हणाले, "मशीनच तसं आहे हो साहेब. सुट्टी म्हणून घेत नाही!"

"मशीन घेत नसेल, पण फेब्रुवारी घेतो ना! ही वही मी पाहिलीच नाही असं समजतो. खरी असेल तर दाखवा, नाहीतर निघतो."

मालकांनी डोळे वटारले, तरी ताईंनी कपाट उघडलं. जुन्या वहीत एका दिवशी नऊ अंश होते आणि पुढे लिहिलं होतं, 'दार उघडं राहिलं. चाळीस बाटल्या फेकल्या.'

तपासनिसांनी ते पान दोनदा वाचलं आणि मानांकनाच्या कागदावर सही केली. "कधीतरी काहीतरी बिघडणारच. बिघडलं हे लिहिणारं माणूस इथं आहे, एवढंच मला बघायचं होतं."

मालकांना मानांकन मिळालं, कंत्राट मिळालं. ताईंना त्याच आठवड्यात नारळ मिळाला. प्रमाणपत्र तीन वर्षं चालेल. आता दार उघडं राहिलंच, तर त्याची किंमत दवाखान्याच्या रांगेत बाही वर करून उभे असलेले लोक मोजतील.