पिंजूच्या केसांखाली

मशीन मानेखालून फिरलं, केसांची जट खाली गळाली आणि पार्लरवालीने हात मागे घेतला. जटेखाली कातडी काळीनिळी पडली होती.

"अगं बाई! हे काय?"

टेबलापलीकडे उभ्या असलेल्या बाईने मान खाली घातली. पिंजू तिचीच कुत्री. पांढरीशुभ्र, ओंजळीत मावेल एवढी. पट्टा गळ्यात अडकवून टेबलावर मुकाट उभी होती.

पार्लरवालीने केस बाजूला सारत सगळं अंग पाहिलं. बरगडीवर जुना फुगवटा. मांडीवर पोळल्याचा गोल डाग. कानामागे नखं रुतल्याच्या खुणा. असल्या दाट केसांची कुत्री म्हणजे मारणाऱ्याची चंगळच. वरून कापसाचा गोळा, आत काय चाललंय ते कुणाच्या बापाला कळायचं नाही.

"नवरा?" तिने विचारलं.

बाईने रुमाल डोळ्यांना लावला. पार्लरवालीला तेवढं पुरलं.

पार्लरवाली कुत्र्यांचे केस कापण्याच्या धंद्यात मुरलेली होती. माणूस थापा मारेल, कुत्रं मारत नाही, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. भ्यायलेलं कुत्रं केकाटतं, धडपडतं. विश्वासाचं माणूस जवळ असलं की गप्प उभं राहतं. तिचा हिशोब इतका सरळ. बाई सोबत असली की पिंजू नखं कापतानासुद्धा पाय ओढून घ्यायची नाही. आणि नवरा घेऊन आला की पार्लर डोक्यावर! त्याच्या हातातून टेबलावर येताना जिवाच्या आकांताने ओरडायची, त्याच्या मनगटांवर ओरखडे काढायची.

"बघा, कशी घाबरलीय बिचारी," पार्लरवाली मुद्दाम त्याला ऐकू जाईल अशी बोलायची. तो नुसता लाल व्हायचा.

मागच्या खेपेला तर त्याने कमालच केली होती. "हिला थोडे दिवस इथेच ठेवून घ्याल का?" असं विचारलं.

"का? कंटाळा आला?"

"घरी जमत नाहीये."

"कुत्रं म्हणजे खेळणं नव्हे, साहेब," असं सुनावून तिने दोघांना घालवून दिलं होतं. आता या जखमा पाहून तिला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"हिला न्यायला आज तेच येणार आहेत," बाई हळूच म्हणाली. "मला कळणार नाही असं वाटतंय त्यांना. बॅग भरून ठेवलीय गाडीत."

"कुठे नेणार?"

"देव जाणे. एकदा नेली की मला पुन्हा दिसायची नाही ती."

तो हिला जिवंत ठेवत नाही, हे पार्लरवालीला लख्ख कळलं. तिने धाकट्या भावाला फोन लावला. भाऊ गोदामात पोती उचलायचा आणि बहिणीच्या शब्दाबाहेर नव्हता.

"ये लगेच. एकाचा माज उतरवायचाय."

नवरा आला तेव्हा बाई आतल्या खोलीत पडद्यामागे होती. थोराड माणूस, पण पोक काढून चालणारा. एका बोटाला पट्टी बांधलेली. त्याने आधी रस्त्याकडे पाहिलं, मग आत.

"पिंजूला द्या. लवकर. राहिलेले केस राहू देत."

भावाने शटर खाली ओढलं.

पहिला ठोसा तोंडावर बसला. दात तुटून फरशीवर पडला. दुसऱ्याने जबडा सरकला. तो माणूस कोलमडला, ओल्या केसांच्या ढिगात पडला आणि नुसता डोकं झाकून बसला. एवढा गडी, पण उलटा हात उचलला नाही. मुक्या जनावरावर मर्दुमकी आणि समोर पुरुष आला की शेळी! पार्लरवालीला त्याची शिसारी आली.

"बरगडी मोडलीस ना तिची?" भावाने बुटाची लाथ घातली. "हीच ना? का ही?"

आत काहीतरी काटकन वाजलं. टेबलावर पिंजू वेड्यासारखी ओरडत होती. पट्ट्याला हिसके देऊन तिचे डोळे बाहेर आले होते, तोंडाला फेस आला होता.

"बघ, मेल्या! तुला बघून काय दशा झालीय तिची!"

तो सरपटत टेबलाकडे निघाला. टेबलाचा पाय धरून उठायला बघत होता, एक हात वर पिंजूकडे नेत होता. पार्लरवालीने लोखंडी कंगवा उचलला आणि सगळा जीव एकवटून त्या हातावर हाणला. एकदा. पुन्हा एकदा. हात खाली आला तेव्हा भावाने बोटांवर बूट ठेवला आणि टाच फिरवली.

तो काहीतरी सांगत होता. पण जबडा जागेवर नव्हता, तोंडातून नुसतं रक्त आणि घरघर येत होती.

"बस झालं रे, मरेल," पार्लरवाली म्हणाली आणि तिने पडद्याकडे पाहून हाक मारली. "या ताई. आता सहा महिने चमचासुद्धा धरता यायचा नाही याला."

बाई बाहेर आली. पार्लरवालीने पट्टा सोडवला आणि पिंजूला तिच्या कुशीत दिलं. पिंजूचं ओरडणं तिथल्या तिथे थांबलं. ती एकदम गप्प झाली, पापणीही हलेना.

"बघा कशी निवांत झाली पोर," पार्लरवालीला भरून आलं. डोळे पुसत ती भावाला घेऊन हात धुवायला आत गेली.

नळ सुरू झाल्याचा आवाज आला. बाई नवऱ्याजवळ उकिडवी बसली. त्याच्या तोंडावरचे रक्ताने चिकटलेले पांढरे केस तिने बोटाने बाजूला केले आणि त्याच्या कानाशी वाकली.

"आता सोडव बघू हिला माझ्या तावडीतून."