चार तारांची सवत

मिस्त्रीने मोबाइलवरचा फोटो बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला आणि हातातला चहा तसाच खाली ठेवला. गिटारच्या वरच्या टोकाशी मसुराएवढा जळका डाग होता.

"सापडली," तो म्हणाला.

"कोण?" बायकोने ओट्यापाशी उभ्या उभ्या विचारलं. मग तिचं तिलाच उमगलं. "अगंबाई! तुमची ती चार तारांची सवत?"

जुनी वाद्यं विकायला काढतात त्या साइटवर मिस्त्री रोज कामावर जाण्याआधी एक फेरी मारायचा. बेस गिटार, अ‍ॅम्प्लिफायर, केबलची भेंडोळी, काय काय असायचं तिथे. त्याआधी त्याने दुकानं पालथी घातली होती, पेपरमधल्या छोट्या जाहिराती चाळल्या होत्या. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे वेड कुठून लागलं, असं बायकोने लग्नानंतर एकदाच विचारलं होतं. एकवीस वर्षांपूर्वी ती गिटार त्याच्या खोलीवर अकरा दिवस होती, बाराव्या दिवशी नव्हती, एवढंच त्याने सांगितलं. बायकोने पुढे खोदून विचारलं नाही. थट्टा मात्र सोडली नाही.

त्याने विकणाऱ्याला मेसेज टाकला : मागच्या पट्टीवरचा नंबर कळवा. दुपारी सहा आकडे आले. मिस्त्रीला ते स्वतःच्या जन्मतारखेसारखे पाठ होते. एकेक करून ताडून बघितले. जुळले.

विकणारा दातांचा डॉक्टर निघाला. दवाखाना रिकामा होता आणि गिटार पेशंटच्या खुर्चीवर आडवी निजवलेली, वरून दिवा सोडलेला. जणू आता तिची दाढ काढायची आहे.

"कॉलेजात बँड होता आमचा," डॉक्टर म्हणाले. "आता बोटं दुसऱ्यांच्या तोंडात. घ्या, वाजवून बघा."

"मला वाजवता येत नाही."

"मग नंबर कशाला विचारलात?"

मिस्त्रीने डागावर अंगठा ठेवला. "ही चोरीला गेलेली गिटार आहे, डॉक्टर. बरीच वर्षं शोधतोय मी हिला."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "अहो, मी दुकानातून घेतली. पावती आहे माझ्याकडे."

"तुमच्याकडे बोट दाखवत नाही. तुमच्याआधी चार जणांच्या हातांतून फिरली असेल."

"पोलिसांत तक्रार दिली होती का?"

"मी नाही दिली."

"भले आहात!" डॉक्टर खुर्चीभोवती एक चक्कर मारून आले. "हे बघा, माझ्या मनाला हे पटत नाही. अर्धेच द्या. नाहीतर असं करा, तशीच घेऊन जा."

"फुकट नाही न्यायची मला. पूर्ण पैसे घ्या आणि पावती द्या." मिस्त्रीचा आवाज चढला नाही, पण डॉक्टरांनी मुकाट्याने पावतीपुस्तक काढलं.

ते दारापर्यंत सोडायला आले. "तुमच्यासारखा मानी माणूस मी पाहिला नाही," ते म्हणाले. मिस्त्रीने पावतीची घडी करून खिशात ठेवली. येताना बसमध्ये जागा होती, तरी तो बसला नाही. गिटारची पिशवी खांद्याला लावून ताठ उभा राहिला.

त्याने हात लावलेली लिफ्ट पुन्हा अडकत नाही, असं त्याच्या हाताखालचे लोक सांगायचे. तेच हात आता गिटारला लागले. आवाजाचं बटण फिरवलं की खरखरायचं, ते त्याने उघडून साफ केलं. सुटत आलेल्या दोन वायरी नव्याने सोल्डर केल्या. जुन्या टूथब्रशने स्क्रूंचा गंज काढला, दांड्याला तेल पाजलं, नव्या तारा चढवल्या. जळक्या डागाला मात्र हात लावला नाही.

छोटा अ‍ॅम्प्लिफायर एकाकडून मागून आणला होता. बायकोने भीत भीत सगळ्यात जाड तार ओढली. मांडणीतली भांडी गुणगुणायला लागली.

"अहो, पोटात वाजलं माझ्या!"

मिस्त्रीची छाती फुगली. एवढा खुश तो तिला मुलीच्या निकालाच्या दिवशीच काय तो दिसला होता.

"आता शिकूनच घ्या," ती म्हणाली. "वय झालं म्हणून काय झालं?"

"जायचंय एका मास्तरांकडे."

रविवारी सकाळी त्याने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. बायकोने कॉलर सारखी केली. "शाळेच्या पहिल्या दिवसाला निघाल्यासारखे दिसताय," ती म्हणाली. "मास्तर छड्या मारतील हं."

"मारू देत," तो म्हणाला.

त्या इमारतीसमोरून तो कित्येकदा गेला होता. वर कधी चढला नव्हता. तीन मजले, आणि लिफ्ट नाही. जन्मभर दुसऱ्यांना वर पोचवणारा माणूस दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून थांबला. दम लागला नव्हता. वरून कुणीतरी सरगम घोटत असल्याचा आवाज येत होता, चुकत होता, पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होता. तो आवाज थांबल्यावर मिस्त्री उरलेल्या पायऱ्या चढला.

दारावर पाटी होती : 'गिटार शिकवली जाईल'. त्याने बेल दाबली.

चष्मा कपाळावर सरकवलेले, पांढऱ्या केसांचे मास्तर दारात आले. त्यांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग खांद्यावरच्या पिशवीकडे.

"क्लासची चौकशी ना? या, या. वयाची लाज बाळगू नका. साठीचे दोघं येतात माझ्याकडे." त्यांनी कौतुकाने पिशवीवर थाप मारली. "वा, बेस दिसतोय. तुमचा स्वतःचा?"

मिस्त्रीने पिशवी खांद्यावरून उतरवली आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली. मान खाली घातली नाही.

"नाही, मास्तर. तुमचा," तो म्हणाला. "गाडीची काच फोडून मीच नेला होता."