फिनलंडची चव

आईनं उखळात कुटलेली शेंगदाण्याची चटणी भाकरीवर वाढली. रोहिणीनं घास तोंडात घातला आणि लगेच थुंकून टाकला.

"एवढा लसूण? आणि किती तिखट!"

"अगं, हीच चटणी घेऊन कंपनी काढलीस ना?"

फिनलंडमधल्या गिऱ्हाइकांच्या प्रत्येक पोस्टबरोबर त्यांच्या तोंडातली चव फोनमधून रोहिणीच्या जिभेवर उतरायची. तेवढ्यावरून शिकत तिनं लसूण काढला, तिखट काढलं, साखर घातली. तिच्याबरोबर तिकडे गेलेल्या कंपन्या बुडाल्या, तिची तेवढी तगली.

"जेवताना तरी त्या लोकांना बंद करत जा," आई म्हणाली. "मग बघ कशी लागते."

रोहिणीनं फोन उचलला. सोलापूरला उतरल्यापासून ती चवीची जोडणी बंदच होती.