पलटणीची पिशवी

काशीस पायी जाणाऱ्याला पावलागणिक एका अश्वमेधाचे पुण्य लागते. हे पुण्य पावलांचे असते, ओझ्याचे नसते, असा खुलासा महिपतभटजींनी केला, तेव्हा गोपीनाथपंतांनी समाधानाने पान तोंडात टाकले आणि काळूरामला अंगणात बोलावणे धाडले.

आगगाडी झाल्यापासून काशीला कोणीही जाऊन येऊ लागले होते. ठाण्यातल्या टेंभी नाक्यावरचा वाणीदेखील गंगेचा गडू घेऊन परतला, त्यामुळे पंतांना पायी जाणे भागच होते. त्यासाठी त्यांनी कल्याणला एका लिलावात गोऱ्या पलटणीतली पाठपिशवी घेतली होती. जाड किंतान, आत दोन कप्पे, बाहेर एक खिसा, खांद्यांवर रुंद पट्टे. ती पाठीवर घालून आपण गावातून निघालो आहोत, असे पंतांनी मनाशी बरेचदा पाहिलेही होते. पण पट्टे चामड्याचे. सोवळ्यातल्या यात्रेकरूच्या अंगाला चामडे चालत नाही, असे भटजी म्हणाले. भरलेली पिशवी एकदा उचलून पाहिलेली असल्यामुळे पंतांनी वाद घातला नाही. काळूराम सोवळ्यात येत नव्हता.

काळूराम मिठागरावर कामाला जाई आणि पंतांचे एक खाचर कसत असे. बरोबर येशील का, असे पंतांनी विचारले तेव्हा तो लगेच हो म्हणाला होता. पंतांना ती आपली पुण्याई वाटली.

ओसरीवर सामान मांडले गेले. धाबळी, तांब्या, पूजेची संपुष्टी, दशम्यांचा डबा, मेतकूट, सुंठ. पंत बोट दाखवीत आणि काळूराम भरी. आतल्या पितळेला बाहेरच्या चामड्याचा विटाळ पोचत नाही, हेही भटजींनी बघून ठेवले होते. उशी दोनदा बाहेर आली आणि दोनदा आत गेली. छत्रीपाशी तर सगळेच अडले. शेवटी फुगलेली पिशवी पाठीवर घेऊन काळूरामने अंगणात फेऱ्या मारल्या. पंत रिकाम्या हातांनी त्याच्यापुढे चालून ओझे झेपते का ते पाहत होते.

"झेपतंय," पंत म्हणाले.

बाहेरचा खिसा रिकामा राहिला होता. काळूरामने पिशवी उतरवली, खिशावर हात ठेवला आणि खाली बघत बोलू लागला. त्याची आई तुळसा गेल्या शिमग्याला गेली. तिच्या अस्थी फडक्यात बांधून बांधावरच्या चिंचेला टांगलेल्या होत्या. मला गंगेत सोड, एवढेच तिने मागितले होते. एवढंसं गाठोडं, या खिशात बसेल. त्याच्यासाठीच तर तो निघाला होता.

दाराआडून पंतांच्या पत्नी कमळाबाई म्हणाल्या, "न्या हो. उभा जन्म या घरचं भात कांडलंन तिनं. मूठभर हाडं ती, त्यांचं ओझं ते कसलं?"

पंतांनी भटजींकडे पाहिले. भटजींनी डोळे मिटून सांगितले की, अस्थी नेणाऱ्याने शुचिर्भूत असावे लागते, त्याच्या अंगाला चामडे लागता कामा नये. काळूरामच्या तर दोन्ही खांद्यांवर ते येणार. मग गाठोडे खिशात ठेवा, कमरेला बांधा की हातात धरा, दोष तोच.

पट्टे काढून काथ्याची दोरी लावतो, आत्ता बसून लावतो, असे काळूराम म्हणाला. पंतांना ते रुचले नाही. पलटणीचा माल, एकदा कापला की रया गेली. शिवाय घाटात काथ्या तुटला म्हणजे?

काळूरामने पट्ट्यांकडे पाहिले. मग पंतांकडे पाहिले.

"मंग पिसवी तुमी घ्या, पंत," तो म्हणाला. "आईसला मी घेतो."

भटजी पानाचे देठ खुडू लागले. पंतांनी खाचराचा विषय काढला. यंदा ते दुसरे कोणी मागत आहे, पण आपण अजून शब्द दिलेला नाही, असे ते सहज आठवल्यासारखे बोलले. मग त्यांचा आवाज मऊ झाला. गंगा काय, सगळ्याच नद्यांत असते. वाटेत शहाडला उल्हास नदी लागेल, तिथे सोड. भटजींनी मान डोलावली. मग पंतांनी तरी काशीपर्यंत कशाला जायचे, हा प्रश्न तिथे कोणी विचारला नाही. ज्याला सुचला त्याचे खाचर पंतांच्या हातात होते.

मुहूर्त पाहून ते निघाले. नाक्यापर्यंत वाजंत्री होती. बायाबापड्या पंतांच्या पाया पडल्या. काळूरामला वाकता येत नव्हते, म्हणून तो बाजूला उभा राहिला. त्याची बायको गोदा गाठोडे ओंजळीत धरून बरेच अंतर ठेवून मागून चालत होती. कल्याणला रात्र काढून सकाळी ते शहाडच्या काठावर आले. काळूरामने पिशवी उतरवली, नदीत बुडी मारली, गोदाकडून गाठोडे घेतले आणि गाठ सोडली. ऊन चढतंय, अशी पंतांनी काठावरून आठवण करून दिली. गोदा रिकामे फडके घेऊन ठाण्याच्या वाटेला लागली.

त्याच दिवशी दुपारी टिटवाळ्याला पंतांच्या टाचेला फोड आला. दुसऱ्या दिवशीच्या गाडीने दोघेही ठाण्याला परतले.