जुन्या केबिनमधलं कनेक्शन

आर्वीजवळच्या त्या जिनिंग कारखान्यात कापसाने भरलेल्या बैलबंड्या फाटकाबाहेर पार डांबरी रस्त्यापर्यंत खोळंबल्या होत्या, कारण वजनकाट्यावरच्या कॉम्प्युटरवर एकही नोंद होत नव्हती.

"धीरजभाऊ, काऊन अडकून राह्यलं हे? लोकं माह्यावर तापून राह्यले ना!" नोंदी करणारी रीता रडकुंडीला आली होती.

कॉम्प्युटरचं काम पाहणाऱ्या धीरजने सर्व्हरसमोर बसून मायएसक्यूएल डेटाबेसमधली चालू कनेक्शनं पाहिली. आवकेच्या नोंदींचं टेबल एकाच कनेक्शनने लॉक करून धरलं होतं, आणि ते जुन्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवरून आलं होतं. धीरजने ते तोडून टाकलं.

"झाली, झाली नोंद!" रीता ओरडली. पहिली बंडी काट्यावर चढली. धीरजचा जीव भांड्यात पडला. चहा मागवून तो निवांत प्यायला, आणि शेवटच्या घोटाला त्याला आठवलं, जुन्या केबिनमधला कॉम्प्युटर तर दिवाळीतच भंगारात गेला होता.

कुलूप काढून तो आत गेला. टेबल रिकामं होतं, नेटवर्कची वायर नुसतीच लोंबत होती. पण की-बोर्ड असायचा तिथे, कापसाच्या धुळीच्या थरावर, बोटांच्या टोकांचे ठसे ओळीने उमटले होते.

कोणीतरी चेष्टा केली असेल, झालं! त्याने तळहाताने धूळ विस्कटून टाकली. बरं वाटलं. तो दाराकडे वळला.

"धीरजभाऊ," बाहेरून रीताची हाक आली, "पुन्हा अडकलं!"

त्याने मागे पाहिलं. विस्कटलेल्या धुळीत, सावकाश, एकेक ठसा उमटत होता.