पितळेवरचे ठिपके

बेळगावच्या शहापुरात धरणेंद्र पितळेची भांडी घडवायचा. थोरला भाऊ शांतिनाथ तापानं गेला, तेव्हापासून तो फावल्या वेळी त्याच्या आठवणीसाठी विजेचं रेल्वे इंजिन पितळेत, वीतभर आकाराचं, घडवत होता. अण्णा, म्हणजे शांतिनाथ, मुंबईकडच्या घाटात तसलंच खरं इंजिन चालवायचा. लोंढा स्टेशनातली कोळशाची काळी इंजिनं बघत वाढलेल्या धाकट्याला त्यानं एकदा मुद्दाम दाखवायला नेलं होतं. ना धूर, ना कोळसा. खिडकीच्या कडेवर डावा हात टेकून अण्णा हसत होता. त्या हाताचं मधलं बोट अर्धंच; लहानपणी याच दुकानातल्या पत्रा कापायच्या कातरीत गेलेलं.

अखेर छोट्या इंजिनाचं छप्पर कथलाचा डाक देऊन, सांधून बंद झालं. अण्णाच्या मागं राहिलेल्या चंदनावैनीनं चिंच लावून इंजिन लख्ख घासलं.

सकाळी खिडकीच्या आतल्या कडेवर मोहरीएवढे चार काळे ठिपके दिसले. घामेजल्या हातानं पितळ काळवंडतं तसे. त्यातला एक मागंच राहिलेला.

“वैनी, आत हात घातलासा व्हय?”

“माझं बोट तरी जाईल काय तिथं, भावजी?”

दुसऱ्या दिवशी ठिपके बाहेर आले होते, इंजिनाच्या दाराशेजारच्या दांडीवर.

“वितळवून टाकतो,” धरणेंद्र म्हणाला.

“राहू दे.”

संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत जेवायच्या जैन रीतीप्रमाणं, ऊन असतानाच वैनीनं ताटं मांडली. घरात माणसं दोनच, ताटं तीन. तिनं आत्ताच घासून, भरून ठेवलेला तांब्या धरणेंद्रनं उचलला. तो रिकामा होता. त्यावर खऱ्या माणसाच्या मापाची काळी बोटं उमटली होती. मधलं अर्धं.

वैनीनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

“दिवस मावळायला आला. बसा आता,” ती म्हणाली. पण धरणेंद्रकडं बघून नव्हे.