उशिराचं कारण

मिस्त्री दारातच थांबले, कारण बाईंच्या वर्गात उशीर झाला की कारण सांगितल्याशिवाय आत पाऊल टाकायची सोय नव्हती. दारात उभं राहून इंग्रजीत सांगायचं, का झाला उशीर. कारण खरंच असलं पाहिजे असं काही नाही, वाक्य तेवढं पुरं पाहिजे. वर्ग संध्याकाळचा, सगळे कामावरून येणारे. दिवसभर साहेबाची बोलणी खाल्लेल्या मंडळींना मनसोक्त थापा मारायला ही एकच हक्काची जागा होती. ड्रायव्हरनं तर या थापांत सासूला आतापर्यंत तीनदा मारून टाकलं होतं, तेही दर वेळी तिच्याच हातचा डबा खाऊन.

"हं, बोला मिस्त्री," बाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी घसा खाकरला. "आय ॲम लेट, बिकॉज माय वाइफ इज डेड."

वर्ग खो खो हसला. "घ्या! आता बायकोचा नंबर!" ड्रायव्हरनं बाकावर थाप मारली.

बाईंना कौतुकच वाटलं. तीन वर्षं बाकाला चिकटून बसलेला माणूस आज पहिल्यांदा न अडखळता बोलला होता. "वाक्य शंभर टक्के बरोबर. पण कारण शिळं झालं हो मिस्त्री. उद्या काहीतरी ताजं आणा."

मिस्त्री हसले नाहीत, आतही आले नाहीत. त्यांच्या शर्टाची बटणं वरखाली लागली होती. पहिल्या बाकावरच्या नर्सला आधी कळलं. ती उठली, त्यांच्या हाताला धरून त्यांना आत घेऊन आली आणि खुर्चीवर बसवलं.

"दुपारी गेली, बाई," आता ते इंग्रजी सोडून बोलले. "जेवून हात धुवायला उठली, ती तिथंच बसली."

बाईंना आपलीच जीभ हासडून टाकावीशी वाटली.

"पोराच्या साहेबाला पत्र हवंय," मिस्त्री म्हणाले. "इंग्रजीत, रीतसर. पोरगं फोनवर नुसतं रडतंय, कोण गेलं तेही साहेबाला सांगता आलं नाही त्याला. साहेब म्हणतो, घरून पत्र येऊ दे, मग सोडतो. आणि दवाखान्यातले म्हणतात, परवा सकाळपर्यंत ठेवू, पुढं नाही."

मुलगा सातासमुद्रापलीकडे, जहाजं दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात. बाईंनी लगेच कागद ओढला. बोलताना बिकॉज चालतं, अर्जात पोरकट दिसतं. अर्जात कारण कसं कोट घालून आलं पाहिजे, असं त्या प्रत्येक तुकडीला शिकवायच्या. हात सवयीनं चालू लागला. 'ओइंग टू द सॅड डिमाइज ऑफ...' इथवर आल्या आणि पेन थांबलं. हे पत्र त्यांनी आधी एकदा लिहिलं होतं. याच मुलासाठी, याच साहेबाला.

दोन वर्षांपूर्वी मिस्त्रींच्या मुलीचं लग्न होतं. बहिणीच्या लग्नाला कारखाना रजा देईना. आई किंवा बाप गेला, तरच आठ दिवस. तेव्हा मिस्त्रींची बायको स्वतः वर्गात येऊन बसली होती. "मग मला मारा की, बाई! कागदावर मेल्यानं मी काय मरतेय होय?" सगळ्या वर्गानं मिळून ते पत्र रचलं, ती मध्ये बसून हसत होती. मुलगा आला, लग्नात पाय दुखेपर्यंत नाचला. आणि पत्र इतकं झकास जमलं होतं, की तेव्हापासून बाई नमुना म्हणून तेच उतरवून द्यायच्या. समोरच्या प्रत्येक वहीत ते होतं.

"साहेबाच्या फायलीत ती दोन वर्षांपूर्वीच गेलीय," मिस्त्री म्हणाले. म्हणजे त्यांच्याही ते ध्यानात होतं. रस्ताभर तेवढंच ध्यानात असणार.

"खरं काय ते लिहून टाकू," ड्रायव्हर म्हणाला. "हातापाया पडू."

"फसवलं म्हणून हाकलून देतील त्याला," मिस्त्री म्हणाले. " परत कुणी दारात उभं करणार नाही."

"मग दुसरं कुणी दाखवू," नर्स म्हणाली. "आजी, काका..."

"चालत नाही. आई नाही तर बापच." मिस्त्रींनी बाईंकडे पाहिलं. "बाप आहे अजून शिल्लक. मला मारा."

"मिस्त्री, भलतंसलतं बोलू नका हो!"

"भलतंसलतं व्हायचं ते दुपारीच झालं, बाई. तिला काही आता तो दिसायचा नाही. त्याला तरी ती दिसू दे. लिहा. सही मुलगी करेल."

बाईंनी लिहिलं. लिहायचं काय, नमुन्यातली आई काढून तिथं वडील घालायचे, एवढंच. समोर श्वास घेत बसलेल्या माणसाला त्या ओळीओळीनं संपवत होत्या आणि त्यांचं इंग्रजी कुठंही अडखळत नव्हतं. त्याचाच त्यांना सगळ्यात जास्त राग आला. ड्रायव्हर खिडकीकडे तोंड करून रडत होता.

"वाचून दाखवा," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी वाचलं. मिस्त्रींनी मान हलवत पुरतं ऐकून घेतलं. मग कागदाची नीट घडी घातली, खिशात ठेवली आणि उठले. नर्सही त्यांच्यासोबत निघाली.

जाता जाता ते थांबले.

"आई झाली, बापही झाला," ते म्हणाले. "मी खरंच जाईन तेव्हा पोरानं काय कारण द्यायचं, तेवढं बघून ठेवा, बाई."